मुलाला डबल बेस शिकायचाय, मुंबईत त्यात करिअर आहे का?

तुम्ही लिहिलंय, मुलगा सोळा वर्षांचा आहे, व्हायोलिन सोडून डबल बेस, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण माणसाहून उंच, खालच्या सुरांचं वाद्य, घ्यायचं म्हणतोय, पण ‘मागे उभं राहून नुसतं घुं घुं करणाऱ्याला’ भवितव्य काय? भवितव्याचं सांगतो. आधी त्या घुं घुंचं बोलू.

माझे काका गिरगावातले तबलजी. मी बास, म्हणजे डबल बेसच, घेतला तेव्हा म्हणाले, “तानपुरा छेडणाऱ्याला कोणी बिदागी विचारत नाही, तू तर उभा तानपुरा घेतलास.” हे वाक्य त्यांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत ऐकवलं. एका गणपतीला मी हट्टाने बास त्यांच्या चाळीत नेला. तिसरा मजला, जिन्याच्या वळणावर वाद्याची मान अडकलेली, शेजारच्या दोघांनी खालून उचलून धरलं. वर गेल्यावर काकांना म्हटलं, पेटी काढा, पांढरी एकचा सा दाबा आणि बोट उचलू नका.

त्यांनी दाबला. मी खाली सा लावला, शांत वाटलं. मग ए ची मोकळी तार ओढली, म्हणजे मंद्र धैवत. काकांचा तोच सा एकदम कोमल गंधार झाला, खोलीत उदास वाटायला लागलं. मग सर्वांत जाड तारेवर मध्यम लावला, तर तोच सा पंचम. पेटीचा सूर तसूभर हलला नव्हता. काकांनी बोट उचलून पट्टीकडे बघितलं, पुन्हा दाबलं, म्हणाले, “परत लाव.” असं चार वेळा. तानपुऱ्याचा सा जागचा हलत नाही. बास मात्र वरच्यांच्या पायाखालची जमीनच बदलतो. ऑर्केस्ट्रात वर साठ जण काय वाजवतायत त्याचा अर्थ खाली पाच-सहा बासवाले ठरवतात.

एवढं ऐकूनही काका म्हणाले, “पण नाव कोणाचं होतं?” मी झुबिन मेहतांचं सांगितलं, ऑर्केस्ट्रा चालवणारे जगप्रसिद्ध कंडक्टर. १९५४ मध्ये मुंबईहून व्हिएन्नाला शिकायला गेले, तिथे त्यांचं वाद्य डबल बेस होतं. काका म्हणाले, “मग कंडक्टर का झाले?” त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आज सांगतो: कंडक्टरला सगळ्यांचं ऐकावं लागतं आणि ती सवय बासवाल्याला पहिल्या दिवसापासून लागते. बॉस्टनचा ऑर्केस्ट्रा १९२४ ते १९४९ सांभाळणारे कुसेवित्स्कीसुद्धा मूळचे बासवालेच.

आता पोटापाण्याचं. मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण सीझनला बरेचसे वादक परदेशातून येतात. तिथे जागा मिळेलच असं धरून चालू नका. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला पूर्वी मोठमोठे स्ट्रिंग सेक्शन बसायचे, सिंथेसायझर आल्यावर बासचं कामही गेलं. माझं घर शिकवण्यांवर चालतं, वर थोडे कार्यक्रम, थोडं जॅझ. मुलाला बास गिटारही येऊ द्या. तारा त्याच, ई ए डी जी, कामं दुप्पट. व्हायोलिनच्या शेजारच्या तारांत सा-पंचमाचं अंतर असतं, बासच्या तारांत सा-मध्यमाचं, त्यामुळे बोटं नव्याने बसवायला वर्ष जाईल. व्हायोलिन जमलं नाही म्हणून बास, असं सांगणारा शिक्षक असेल तर तो आजच बदला. मलाही एकाने तसंच सांगितलं होतं, ते मी अजून विसरलेलो नाही.

एक राहिलं. तारांचा चांगला संच पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो आणि पावसाळ्यात सरस सुटून कडेचे जोड उघडतात, म्हणून पहिलं वाद्य प्लायवूडचंच घ्या. पाठही धरते, स्टूल घ्या. आणि पदवी सोडू देऊ नका, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी जाऊन सांगतो.

पण त्याआधी आज संध्याकाळी घरात पेटी किंवा कीबोर्ड असेल तर तुम्ही एक सूर दाबून धरा आणि त्याला खालचे सूर बदलायला सांगा. घुं घुंबद्दल मग बोलू.