वाहन आणि आपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुण्यातील आंबेगाव बुद्रुक येथे माझा फरसाणाचा छोटा कारखाना आहे. माझ्याकडे २०१३ सालची मारुती ओम्नी कार्गो असून तिच्यातून आठवड्यातून तीनदा शिरवळ आणि वाई येथील दुकानांना माल पोहोचवतो. जाताना फरसाणाचे क्रेट आणि तेलाचे पंधरा किलोंचे वीस डबे असतात. गेल्या वर्षभरात खंबाटकी घाटात गाडी ओढेनाशी झाली आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ती दम टाकते आणि दुसऱ्यात टाकली तरी वेग धरत नाही. नाना पेठेतून जुने मोठे इंजिन आणून बसवावे, किंवा निदान बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवून मोठे पिस्टन टाकावेत, मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर बसवावा, असे गॅरेजवाल्याने सुचवले आहे. खर्च करण्याची माझी तयारी आहे. यातील काय करावे?

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘गेल्या वर्षभरात’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. हीच गाडी हाच माल घेऊन हाच घाट पूर्वी चढत होती, याचा अर्थ तिची मूळची ताकद कुठेतरी गळते आहे. गळती न शोधता वर नवी ताकद चढवणे म्हणजे भोक पडलेल्या टाकीला मोठा नळ जोडण्यासारखे आहे.

प्रथम घाटाला ताकद किती लागते ते पाहू. गाडी, माल आणि दोन माणसे मिळून तेराशे किलो वजन धरू आणि चढ पंधरास एक, म्हणजे पंधरा मीटर अंतरात एक मीटर उंची, असा धरू. एवढे वजन या चढावर ताशी तीस किलोमीटर वेगाने नेण्यासाठी चाकांपाशी साधारण बारा अश्वशक्ती लागते. ताशी पन्नासने जायचे म्हटले, तर हवेचा अडथळाही वाढत असल्याने ती बावीसच्या आसपास जाते. ओम्नीचे ७९६ सीसी, तीन सिलिंडरचे इंजिन नवे असताना मिनिटाला ५००० फेऱ्यांवर सुमारे पस्तीस अश्वशक्ती देते. गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये त्यातील सहावा-सातवा हिस्सा जातो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने विरळ हवेपायी आणखी पाचेक टक्के कमी होतात. तरीही निरोगी इंजिनाकडून चाकांपाशी सत्तावीस-अठ्ठावीस अश्वशक्ती मिळायला हवी. भरलेल्या गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसने खंबाटकी चढणे हे या इंजिनाच्या आवाक्यातील काम आहे. तिसऱ्यात मात्र त्या वेगाला इंजिनाच्या फेऱ्या इतक्या उतरतात की ते धापा टाकणारच. त्यात दोष इंजिनाचा नसून गिअर उशिरा बदलण्याचा आहे. आपली तक्रार दुसऱ्या गिअरचीही आहे, म्हणून दुखणे शोधलेच पाहिजे.

शोधाची सुरुवात फुकटच्या तपासणीपासून करावी. माझ्या परिचयातील एका दूधविक्रेत्याच्या व्हॅनची हीच तक्रार होती आणि इंजिन खोलण्याचा दिवसही ठरला होता. आदल्या संध्याकाळी आम्ही पुढचे सीट उचलले. एकाला पायाने रेस पूर्ण दाबून धरायला सांगितले आणि मी टॉर्च घेऊन थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या, तोंडाशी पाहिले. आतली पितळी रंगाची चकती पूर्ण उघडी व्हायला हवी होती, पण ती तिरकीच थांबली. हाताने लिव्हर ढकलला तेव्हा ती आणखी बोटभर फिरली. रेसची केबल ताणून ढिली झाली होती आणि पायाखालचे जाड रबरी मॅट पेडलला खाली जाऊ देत नव्हते. केबलचे नट दोन आटे फिरवले, मॅट कापले आणि दुसऱ्या दिवशी ती व्हॅन दिवे घाट विनातक्रार चढली. आपणही गॅरेजात जाण्याआधी हे घरीच, इंजिन बंद ठेवून, पाहावे.

यानंतर चाके. चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा खूपच तापलेले असेल तर तिथला ब्रेक चिकटतो आहे. ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले की खात्री पटते. टायरमधील हवा गाडीवरच्या तक्त्याप्रमाणे भरलेल्या वजनासाठीची आहे का, हेही पाहावे. क्लचसाठी सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढून, तिसरा गिअर टाकून, थोडी रेस देत क्लच सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच ठीक आहे. ते घुमत राहिले तर प्लेट घसरते आहे आणि आपली ताकद उष्णता होऊन जळते आहे. ही चाचणी एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केल्यास चांगली प्लेटही जळते.

मग गॅरेजवाल्याकडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यावे आणि आकडे कागदावर लिहून मागावेत. तिन्ही प्लग काढून, रेस पूर्ण दाबून, स्टार्टरने इंजिन फिरवत प्रत्येक सिलिंडरला गेज लावायचे असते. तिन्ही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. एखादा बराच कमी आला तर त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वर आला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. याच वेळी टायमिंग बेल्टच्या खुणा जुळतात का, हे पाहायला सांगावे. बेल्ट एक दाता जरी सरकला असेल तरी गाडी चालू राहते, पण चढावर तिचा जीव जातो. पेट्रोल फिल्टर, प्लग, इंजेक्टरची सफाई ही कामे याच फेरीत उरकावीत. पुण्यात १ एप्रिल २०१० पासून भारत स्टेज चार हे प्रदूषणाचे निकष लागू झाले होते, त्यामुळे पुण्यात नोंदलेल्या २०१३ सालच्या आपल्या गाडीला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. तो आतून काजळीने किंवा तुटलेल्या जाळीने तुंबला तर धूर बाहेर पडायला वाट राहत नाही आणि वरच्या फेऱ्यांवर गाडी गुदमरते. तो काढून नळी जोडण्याचा सल्ला मिळेल. तो मानू नये, कन्व्हर्टर बदलून घ्यावा.

आता गॅरेजवाल्याच्या सूचनांविषयी. बोअर वाढवण्याने ताकद वाढते ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की हिशेब मांडावासा वाटतो. या इंजिनाचा बोअर ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७२ मिलिमीटर आहे, त्यावरून ७९६ सीसी येतात. अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन टाकले तर ते ८०८ सीसी होतात, म्हणजे दीड टक्का वाढ. सिलिंडर झिजले असतील तर बोअर करणे योग्यच आहे, आणि त्यानंतर गाडी पळू लागते तीही खरी गोष्ट आहे. मात्र ती पळते नव्या रिंगांनी गेलेले कॉम्प्रेशन परत आणल्यामुळे. उघडा फिल्टर या गाडीत तर उलटाच पडतो, कारण इंजिन सीटखाली कोंडलेले असते आणि फिल्टर तिथलीच तापलेली हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. मोकळ्या सायलेन्सरने आवाज वाढतो आणि आवाजामुळे गाडी ओढते आहे असा भास होतो, एवढेच.

मोठ्या इंजिनाबद्दल मी ठामपणे नको म्हणेन, आणि कायदा हे त्याचे पहिले कारण नाही. मारुतीच्याच ईको व्हॅनचे १२०० सीसीचे इंजिन जवळपास १०० न्यूटन मीटर टॉर्क (पीळ) देते, आपले साठच्या आसपास. म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल यांच्यावर दीडपटीहून अधिक पीळ येणार आणि रेडिएटरला तितकी जास्त उष्णता बाहेर टाकावी लागणार. हे सगळे बदलले तरी ब्रेक उरतात. वेग साठवरून ऐंशीवर गेला की गाडी थांबवताना ब्रेकना जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जा जिरवावी लागते. आपला परतीचा रस्ता कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतो. त्या उतारावर कसकसे अपघात घडले आहेत हे आपणा पुणेकरांना सांगायला नको. लहान व्हॅनमध्ये चालकाचे गुडघे आणि समोरची गाडी यांच्यामध्ये पत्र्याशिवाय फारसे काही नसते, हे मनात ठेवून निर्णय घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कायद्याची बाजू अशी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीपुस्तकातील तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपली गाडी मालवाहू असल्याने तिला ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्रही घ्यावे लागते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्वेक्षक प्रथम इंजिन क्रमांकच पाहतो. मूळ इंजिन अगदीच कामातून गेले असेल तर त्याच प्रकारचे, त्याच इंधनाचे इंजिन बसवण्यासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी अर्ज करावा, खरेदीची पावती जपावी आणि नवा क्रमांक नोंदणीपुस्तकात चढवून घ्यावा. क्रमांक घासलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण ते चोरीच्या गाडीचे असू शकते.

कॉम्प्रेशनचे आकडे चांगले आले तर किरकोळ दुरुस्तीत आपले काम होईल. वाईट आले तर रिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, हेड गॅस्केट आणि क्लच एकदमच करून घ्यावे, कारण उघडण्या-जोडण्याची मजुरी मोठी असते. तेलाचे डबे एकाच फेरीत वीस न नेता तीन फेऱ्यांत वाटून न्यावेत. शंभर डब्यांची मागणी येऊ लागली असेल, तर मात्र इंजिनावर ठेवलेला पैसा मोठ्या गाडीच्या पहिल्या हप्त्यात घालावा. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्येच थांबले आहे, हेही विचारात घ्यावे.

प्रश्न : हडपसरहून सासवडला रोज भाजीपाल्याच्या फेऱ्यांसाठी मी कंपनीची सीएनजी असलेली ईको वापरतो. दिवे घाटात पिकअप मिळत नाही. ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) प्रोग्रॅमिंग बदलून फरक पडेल का?

उत्तर : पडला तरी हाताला लागेल इतका पडणार नाही. टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) असलेल्या डिझेल इंजिनात प्रोग्रॅमिंगने बरीच ताकद वाढते, पण टर्बो नसलेल्या इंजिनात आत येणारी हवाच मर्यादित असते. सीएनजी वायुरूप असल्यामुळे सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो आणि तिथेच ताकद कमी होते. २०२२ च्या अखेरीस आलेल्या ईकोत कंपनीचेच आकडे पेट्रोलवर सुमारे ८१ पीएस (अश्वशक्ती) आणि १०४ न्यूटन मीटर, तर सीएनजीवर सुमारे ७२ पीएस आणि ९५ न्यूटन मीटर असे आहेत. उपाय आपल्या डॅशबोर्डवरच आहे. वडकी मागे टाकून चढ सुरू होण्याआधी बटण पेट्रोलवर करावे आणि माथ्यावर पोहोचल्यावर परत सीएनजीवर यावे. टाकीत थोडे पेट्रोल नेहमी ठेवावे. सीएनजीला ठिणगी अधिक जोरकस लागते, म्हणून प्लग आणि एअर फिल्टर वेळेआधी बदलावेत, वेळेनंतर कधीच नाही. सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) चुकवू नये.

प्रश्न : भोसरीत माझ्याकडे ७०२ सीसी, दोन सिलिंडरचा जुना डिझेल छोटा हत्ती आहे. त्याला बाहेरून टर्बो बसवून मिळेल, असे एकाने सांगितले. बसवू का?

उत्तर : बसवू नये. ते इंजिन सोळा अश्वशक्तीचे आणि टर्बोविना चालण्यासाठी घडवलेले आहे. टर्बोने हवा कोंबली तरी पंपातून जादा डिझेल सोडल्याशिवाय ताकद वाढत नाही, आणि जादा डिझेल सोडले की पिस्टनचा माथा व हेड यांना सोसवणार नाही इतकी उष्णता वाढते. टर्बोच्या बेअरिंगला लागणारा ऑइलचा पुरवठाही त्या इंजिनात मुळात योजलेला नाही. या गाडीचा जोर वेगात नसून खालच्या गिअरमध्ये आहे. इंजेक्टर बाहेर काढून त्यांचा फवारा बेंचवर तपासून घ्यावा आणि पंपाचे टायमिंग जुळवून घ्यावे. चढावर काळा धूर येत असेल तर तोही या दोन कामांनी बहुधा कमी होईल.