बेटांच्या सहलीसाठी ‘प्रीमियम हॉलिडे’ घ्यावा का?

प्रश्न: मी मूळचा सांगलीचा, वय ४२. नऊ वर्षं अबू धाबीत एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर आहे. पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी इथेच असतात. आई-बाबा सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांना पहिल्यांदाच इकडे आणून यास, सादियात, नुराई आणि दोन रात्री सर बनी यास अशी बेटं दाखवायची आहेत. तिकिटं-व्हिसा धरून १८,००० दिरहम खर्च येतो. निवृत्तीसाठी २०१८ पासून महिना १,५०० दिरहमची २५ वर्षांची योजना चालू आहे, ‘डॉलरमधली बचत’ म्हणून घेतलेली. त्यातच विमाही आहे, त्यामुळे ती काळजी नाही. सल्लागार म्हणतात, वर्षभर ‘प्रीमियम हॉलिडे’ घ्या, म्हणजे हप्ते थांबवा, सहलीचे पैसे आपोआप सुटतील. घेऊ का? मार्चमध्ये ९,००० दिरहम बोनस येईल. मुलीची दहावी झाली की परत यायचा विचार आहे.

उत्तर: सहलीला जरूर जा. हॉलिडे घेऊ नका.

सल्लागारांचं गणित चोख आहे, बारा महिने गुणिले १,५०० म्हणजे १८,०००. पण या हॉलिडेत सुट्टी मिळते ती फक्त तुमच्या हप्त्याला. शुल्क रोज कामावर हजर असतं. तुम्ही पाठवलेल्या कागदांप्रमाणे पहिल्या १८ महिन्यांचे हप्ते, म्हणजे २७,००० दिरहम, ‘इनिशियल युनिट्स’मध्ये, म्हणजे सुरुवातीच्या हप्त्यांच्या वेगळ्या कप्प्यात, गेले. त्यांच्यावर वर्षाला ६ टक्के शुल्क आहे, तेही पूर्ण २५ वर्षं. म्हणजे साधारण १,६०० दिरहम. उरलेल्या रकमेवर फंडांचं २ टक्के, म्हणजे २,२०० दिरहम. वर पॉलिसी फी महिना २५. एकूण वर्षाला ४,१०० दिरहम. तुम्ही भरा किंवा भरू नका, एवढे जाणारच.

तुम्ही सहलीबद्दल विचारलंत, पण पत्रातलं मला खटकलेलं वाक्य ‘ती काळजी नाही’ हे आहे.

सात वर्षांत तुम्ही १,२६,००० दिरहम भरले. स्टेटमेंटवर १,३८,००० दिसतात. आज बाहेर पडलात तर हातात येतील १,१२,०००, कारण ते इनिशियल युनिट्स मुदतीआधी जवळजवळ सगळे जप्त होतात. विकताना दाखवलेल्या तक्त्यात १२ टक्के परतावा धरून २०४३ साली २८ लाख दिरहम लिहिले आहेत. शुल्काची ओळ त्या तक्त्यात नाही, हे तुमच्या लक्षात आलं नाही याचं मला नवल वाटत नाही. ती दिसू नये अशीच त्याची मांडणी आहे.

मी बाजाराचा परतावा ७ टक्के धरतो. शुल्क वजा जाता आहे ती रक्कम ४ टक्क्यांनी आणि नवे हप्ते ५ टक्क्यांनी वाढले, तर २०४३ मध्ये ८ लाखांच्या आत जमतील. २८ नव्हे. आता १४,००० दिरहमचा तोटा सोसून बाहेर पडलात, १,१२,००० आणि दरमहा १,५०० स्वस्त इंडेक्स फंडांत, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडांत, घातले आणि साडेसहा टक्के मिळाले, तर ९ लाख ३० हजार होतात. फरक जवळपास दीड लाख दिरहम. चोवीस रुपये दराने सुमारे ३५ लाख रुपये.

‘डॉलरमधली बचत’ म्हणून ही योजना विकली गेली असं तुम्ही लिहिता. अहो, दिरहम १९९७ पासून ३.६७२५ दराने डॉलरला बांधलेला आहे. तुमचा पगारच डॉलरमध्ये होतो म्हणा ना! अशा योजनांत तेव्हा विकणाऱ्याला कमिशन पुढच्या २५ वर्षांच्या हप्त्यांवर सुरुवातीलाच मिळायचं. तुमच्या बाबतीत साडेचार लाख दिरहमच्या हप्त्यांवर. ऑक्टोबर २०२० पासून अमिरातीत त्यावर मर्यादा आल्या, तुमची सही दोन वर्षं आधीची.

विम्याचं तर विचारूच नका. मृत्यू झाल्यास फंडाच्या किमतीच्या १०१ टक्के, असं कलम आहे. म्हणजे घरच्यांना तुमचेच पैसे मिळणार आणि वर १,३८० दिरहम. चाळिशीतल्या, एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला हा विमा म्हणवत नाही. भारतातल्या कंपनीचा दोन कोटींचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, घ्या. तब्येत ठीक असेल तर महिन्याला दीडशे-दोनशे दिरहममध्ये बसेल. तो हातात पडेपर्यंत सरेंडरचीही, म्हणजे योजना मोडण्याचीही, घाई नको, १,३८० तर १,३८०.

आणि मुलीच्या दहावीनंतर, म्हणजे पाच-सहा वर्षांनी, परत येणार असाल तर २०४३ पर्यंतचा हप्ता सांगलीहून दिरहममध्ये पाठवणार का? भारताचे पूर्ण करनिवासी झालात की ही योजना परदेशी मालमत्ता म्हणून रिटर्नमध्ये दाखवावी लागेल, नफ्यावर करही येईल. आज अनिवासी असताना बाहेर पडणं सगळ्यात सोपं आहे. आलेल्या पैशांतला मोठा वाटा एनआरई खात्यातून (अनिवासींचं परदेशी कमाईसाठीचं खातं) भारतातल्या इंडेक्स फंडांत जाऊ द्या. सांगलीतलं जुनं बचत खातं अजून निवासी म्हणूनच चालू असेल तर तेही एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्या.

आता सहल. तुमच्या १८,००० मध्ये सर बनी यास ७,०००, तिकिटं-व्हिसा ३,५००, आणि नुराई, यास व किरकोळ प्रत्येकी २,५००. नुराई सोडून द्या. समुद्रकिनारा सादियातलाही आहे आणि तिथे पुलावरून गाडीने जाता येतं. यासच्या पार्कची तिकिटं पाच जणांची कशाला? ताशी २४० किलोमीटरच्या रोलर कोस्टरखाली बाकावर बसायला आई-बाबांनी तिकीट का काढायचं? तिघांचीच काढा, १,५००. ते दोघं त्या दिवशी घरी आराम करतील. दुसऱ्या दिवशी लूव्र संग्रहालय दाखवा, मुलीला तिकीटही पडणार नाही. सर बनी यासला मात्र न्याच. अडीचशे किलोमीटर गाडी, मग बोट, आणि पलीकडे मोकळे फिरणारे ओरिक्स हरणं आणि जिराफ. बाबा शेतकरी आहेत, वाळवंटात एवढी झाडं कशी जगवली हे ते जनावरांपेक्षा जास्त वेळ बघतील. एक रात्र पुरे, ३,५००.

झाले ११,०००. बोनसचे ९,००० आणि एका पगारातले २,०००. मार्चअखेर शाळेला सुट्टी असते आणि ऊनही अजून सोसण्याजोगं असतं. फक्त ईदचे दिवस टाळा, हॉटेलांचे दर चढतात. सरेंडरच्या पैशांतला एकही दिरहम सहलीत जायला नको.

सरेंडरचा अर्ज गेला की सल्लागारांचा फोन येईल. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली, त्यामुळे नाही म्हणणं जड जाईल. ते बहुधा याच पैशांसाठी दुसरी योजना सुचवतील. तिच्या कागदांत ‘इनिशियल’ हा शब्द आधी शोधा.