वजन, उंची आणि वाढीचा आलेख : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा मुलगा सहा वर्षांचा असून त्याचे वजन १८ किलो आणि उंची ११३ सेंटिमीटर आहे. वर्षाचा असताना तो चांगला गुटगुटीत होता, आता मात्र त्याच्या बरगड्या दिसतात. घरी येणारा प्रत्येक जण ‘याला खायला देता की नाही?’ असे विचारतो. वजन वाढवण्यासाठी काय द्यावे?

उत्तर : आपण कळवलेल्या आकड्यांवरून तरी मुद्दाम वजन वाढवण्याची गरज दिसत नाही. मुलांच्या अंगावरची चरबी पहिल्या वर्षाच्या सुमारास भरपूर असते, चालू-पळू लागल्यावर ती कमी होत जाते आणि पाच-सहा वर्षांची बहुतेक मुले बालपणातील सर्वांत सडपातळ टप्प्यावर असतात. त्यामुळे खेळत्या-बागडत्या मुलाच्या बरगड्या या वयात दिसल्या, तर त्यात सहसा काळजीचे काही नसते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की मिळणाऱ्या आकड्याला बॉडी मास इंडेक्स किंवा बीएमआय म्हणतात. आपल्या मुलाचा बीएमआय १४.१ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा वर्षांच्या मुलांसाठी मध्याचा आकडा १५.३ असून कृशतेची सीमा १३ च्या आसपास आहे. प्रौढांसाठीची १८.५ ही सीमा मुलांना लावण्याची चूक अनेक घरांत होते, ती टाळावी.

या वयापासून वयात येईपर्यंत मुलाची उंची साधारणपणे वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरने आणि वजन दोन-तीन किलोंनी वाढते. तेवढी वाढ होत असेल, तर पाहुण्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचीही आवश्यकता नाही. ताटात काय आणि कधी वाढायचे हे आपण ठरवावे, त्यातले किती खायचे हे मुलावर सोडावे. आग्रहाने भरवत राहिल्यास पोट भरल्याची जाणीव ओळखण्याची त्याची उपजत क्षमता बोथट होते.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. वर्षभरात तिचे वजन ३४ वरून ४० किलो झाले, उंची १३९ वरून १४६ सेंटिमीटर झाली. सहा किलो वाढल्याने मी घाबरले आणि तिचे रात्रीचे जेवण निम्मे केले. आता ती चिडचिड करते आणि लपून खाते. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : आपल्या काळजीमागची माया समजते, तरीही रात्रीचे जेवण कृपया आजपासून पूर्ववत करावे. सहा किलोंचा आकडा आपण पाहिला, पण त्याच वर्षात उंची सात सेंटिमीटरने वाढली आहे. वयात येताना मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते तो काळ बहुधा साडेअकरा-बारा वर्षांच्या सुमाराचा असतो आणि त्या वेळी वर्षाला आठ सेंटिमीटरपर्यंत वाढ होऊ शकते. नितंब, मांड्या आणि स्तनांभोवती चरबी साठणे हा त्याच बदलाचा भाग आहे. मासिक पाळी सुरू होण्याचा काळही याच्या पाठोपाठ येतो, आणि पाळी सुरू झाल्यावर उंची सहसा आणखी पाच-सात सेंटिमीटरच वाढते. हाडांमध्ये खनिजे साठण्याचा वेगही याच वर्षांत सर्वाधिक असतो. अशा वेळी अन्न तोडणे म्हणजे शरीराला सर्वाधिक गरज असतानाच त्याचा पुरवठा रोखणे होय.

मुलीचा बीएमआय पूर्वी १७.६ होता, आता १८.८ आहे. अकरा वर्षांच्या मुलींमध्ये अतिवजनाची सीमा साधारण २० आहे, म्हणजे ती सुरक्षित मर्यादेत आहे. तरीही एकाच आकड्यावर विसंबू नये, असेच मी सुचवेन. बालरोगतज्ज्ञांकडे वाढीचा तक्ता असतो आणि त्यावर आडव्या चढत्या रेषा असतात, ज्यांना पर्सेंटाईल म्हणतात. पंचविसावा पर्सेंटाईल म्हणजे परीक्षेतील पंचवीस गुण नव्हेत. त्याच वयाच्या शंभर मुलींपैकी सुमारे पंचवीस मुली त्या रेषेखाली आणि पंच्याहत्तर वर असतात, एवढाच त्याचा अर्थ. पंचविसाव्या रेषेला धरून वर्षानुवर्षे चाललेली मुलगी पूर्णपणे निरोगी असू शकते, आणि पंच्याहत्तराव्यावरून झपाट्याने पन्नासाव्याच्या खाली आलेल्या मुलीची मात्र तपासणी करावी लागते. सहा-सहा महिन्यांनी घेतलेल्या नोंदी एका आलेखावर मांडल्या, तरच वाढीची दिशा कळते. दर आठवड्याला वजनकाट्यावर उभे केल्याने मुलीची धास्ती वाढते, माहिती वाढत नाही.

पुढे कधी वजनाची रेषा खरोखरच वर चढू लागली, तर वाढत्या मुलांच्या बाबतीत वजन घटवण्यापेक्षा ते स्थिर ठेवून उंचीला पुढे जाऊ देणे हाच बहुधा पहिला मार्ग असतो. त्यासाठीचे बदल साऱ्या घराने करावेत : गोड पेये बंद करणे, रोज किमान तासभर दमवणारी हालचाल, या वयाला लागणारी ९ ते १२ तासांची झोप. एकट्या मुलीचे ताट वेगळे केले की तिला त्यातून शिक्षेचाच अर्थ लागतो, आणि लपून खाणे तेथूनच सुरू होते. वजन वाढत असताना उंची मात्र थांबल्यासारखी वाटली, तर थायरॉईडसारख्या ग्रंथींचे विकार तपासावेत. मानेवरची त्वचा काळसर आणि जाड होऊ लागल्यास रक्तातील साखरही तपासून घ्यावी.

प्रश्न : साडेतेरा वर्षांच्या माझ्या मुलाची उंची १४६ सेंटिमीटर असून वर्गात तो सर्वांत बुटका आहे. माझी उंची १७२, पत्नीची १५८ आहे. मीही दहावीनंतरच उंच झालो. उंची वाढवण्याची पावडर द्यावी का?

उत्तर : पावडर देऊ नये, पुरेसे जेवणाऱ्या मुलाची उंची कोणत्याही पावडरीने वाढत नाही. मुलांच्या उंचीचा वेग बहुधा चौदाव्या वर्षाच्या सुमारास कळसाला पोहोचतो, पण काहींमध्ये हे दोन वर्षे उशिरा घडते, आणि वडिलांचीही वाढ उशिरा झाली असेल, तर ही शक्यता बळावते. आई-वडिलांच्या उंचीच्या बेरजेत १३ मिळवून निम्मे केल्यास मुलाच्या उंचीचा अंदाज येतो. आपल्या बाबतीत तो १७१ ते १७२ सेंटिमीटर असून, प्रत्यक्ष उंची त्याच्या मागे-पुढे आठ-साडेआठ सेंटिमीटर असू शकते. वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल, किंवा चौदा पूर्ण होऊनही वयात येण्याची काहीच चिन्हे नसतील, तर तज्ज्ञांना भेटावे. ते डाव्या हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय पाहतील, आणि हाडे वयापेक्षा ‘लहान’ निघाली, तर उंची वाढण्यास अजून अवकाश आहे असे समजते.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. बारीक व्हायचे म्हणून चार महिन्यांपासून रात्री जेवत नाही. वजन ५१ वरून ४३ किलो झाले, तरी मला मी जाडच दिसते. तीन महिने पाळी आलेली नाही. घरी सांगितलेले नाही.

उत्तर : तू हे लिहिलेस, हे फार चांगले केलेस. पाळी थांबणे याचा अर्थ शरीराला मिळणारी ऊर्जा त्याच्या गरजेपेक्षा कमी पडते आहे असा असू शकतो, आणि ही स्थिती लांबली तर हाडे ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके मंदावतात. वजन इतके उतरूनही आरशात जाड दिसणे हा आजाराचा भाग असू शकतो. त्यात तुझा दोष नाही आणि तो उपचारांनी बरा होतो. या आठवड्यातच आई, वडील किंवा विश्वासातल्या शिक्षिकेला हे पत्र वाचायला दे आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. तेथे चार गोष्टी न लपवता सांग : वजन किती आणि किती दिवसांत उतरले, पाळी शेवटची कधी आली, दिवसभरात काय खातेस, आणि जेवणानंतर उलटी काढतेस का. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर उद्याची वाट न पाहता आजच रुग्णालयात जा.