व्हीपीएन चालू आहे, पण खरा आयपी झाकला का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

आयपी म्हणजे इंटरनेटवरचा आपला आकडी पत्ता, आणि व्हीपीएन म्हणजे आपली वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे, जणू बोगद्यातून, नेऊन तो झाकणारी सोय. फोनच्या वरच्या पट्टीत व्हीपीएनचं किल्लीचं चिन्ह दिसलं की आपला पत्ता झाकला गेला, असं धरून चालणाऱ्यांची पत्रं थांबायला तयार नाहीत. उलट बाजूला साधा आकडा बघून घाबरलेले आहेतच. या खेपेला ही सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत. पत्रं छोटी केली आहेत, नावं गाळली आहेत.

व्हीपीएन चालू केल्यावर माझा खरा आयपी लपला की नाही, हे घरच्या घरी कसं बघायचं? (शिक्षक, खानापूर)

आधी व्हीपीएन बंद करा. हीच पायरी लोक गाळतात, आणि मग पडद्यावर दिसणारा पत्ता आपला की परका हेच त्यांना कळत नाही. व्हीपीएन बंद असताना आयपीलीक डॉट नेट किंवा ब्राउझरलीक्स डॉट कॉम उघडा आणि तीन गोष्टी कागदावर उतरवा: टिंबांनी तोडलेल्या चार संख्यांचा आयपीव्ही४ पत्ता, असलाच तर लांबलचक आयपीव्ही६ पत्ता, आणि डीएनएस सर्व्हर कुणाच्या नावावर आहेत ते. मग व्हीपीएन जोडा, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि तेच पान बघा. कागदावरच्या दोन पत्त्यांपैकी एक जरी पुन्हा दिसला, तर गळती आहे.

डीएनएसचं थोडं वेगळं. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी ही यंत्रणा. पत्ता बदलला, पण डीएनएसच्या यादीत अजून जिओ, एअरटेल किंवा बीएसएनएल दिसतंय, तर तुम्ही कोणती संकेतस्थळं उघडता ते तुमच्या इंटरनेट कंपनीला कळतंच आहे. यादीत गूगल किंवा क्लाउडफ्लेअर आलं तर मात्र लगेच गळती म्हणू नका. फोनमधल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये किंवा ब्राउझरमधल्या ‘सिक्युअर डीएनएस’मध्ये तुम्हीच कधीतरी ते निवडलेलं असू शकतं. तिथे बघा. तरीही उलगडा झाला नाही, तर तो कागद घेऊन जाणकाराकडे जा. नुसतं ‘लीक होतंय’ सांगून कुणालाच काही करता येत नाही.

टेस्टमध्ये १९२.१६८.१.७ असा पत्ता दिसतो. यावरून कुणी आमचं घर शोधेल का? (गृहिणी, शहापूर)

नाही. तो तुमच्या राउटरने घरातल्या घरात वाटलेला क्रमांक आहे, आणि तसाच क्रमांक तुमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत असेल.

मी व्हीपीएन वापरत नाही. तरी माझ्या मोबाईलचा आयपी कधी मुंबई दाखवतो, कधी बेंगळूर. मोबाईल दुकानदार म्हणतो, फोन हॅक झालाय, फॉरमॅट मारावा लागेल. (व्यापारी, निपाणी)

फॉरमॅटचे पैसे खिशातच ठेवा. आयपीवरून गाव सांगणारी पानं तुमच्या फोनकडे बघतच नाहीत. कोणता पत्ता कोणत्या कंपनीला दिलाय आणि तो साधारण कुठे वापरला जातो, याच्या याद्या असतात. त्या याद्यांवरून केलेला तो अंदाज असतो. मोबाईल डेटा कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडतो, म्हणून निपाणीतल्या माणसाचं गाव मुंबई ठरतं. त्यात आपला सीमाभाग. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलकडे गेलात, की फोन दुसऱ्या सर्कलच्या टॉवरवर जातो. सिम महाराष्ट्राचं आहे की कर्नाटकचं, यानेही फरक पडतो. शिनोळीकडच्या लोकांना हा खेळ रोजचाच आहे.

याचीच उलट बाजू जास्त घातक. व्हीपीएन लावल्यावर बेळगावऐवजी मुंबई दिसली म्हणून खूश होणारे बरेच आहेत. गाव बदललं म्हणजे पत्ता बदलला असं नाही. गावाचं नाव सोडा, आकडे आणि कंपनीचं नाव ताडून बघा. फोन आपोआप तापणं, न टाकलेली ॲप दिसणं असं काही असेल तर तो वेगळा विषय आहे. त्यासाठी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा.

इन्कॉग्निटोमध्ये आयपी लपतो का? (विद्यार्थिनी, टिळकवाडी)

नाही.

आमच्या युनिटमध्ये मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं. ब्राउझरमध्ये मोफत व्हीपीएनचं एक्स्टेन्शन टाकलंय. त्यांच्याच टेस्ट पानावर सगळं हिरवं येतं. पण मित्राने दुसऱ्या पानावर २४०९ ने सुरू होणारा लांब पत्ता दाखवला आणि म्हणाला, हा तुझा खरा. कोण बरोबर? (हिशेबनीस, उद्यमबाग)

तुमचा मित्र. पण उत्तर इथे संपत नाही, कारण तुमच्या चार ओळींत तीन चुका एकत्र आहेत आणि तिन्ही मला रोज भेटतात.

पहिली चूक, ज्याच्याकडून घेतलं त्याच्याच पानावर तपासलं. भाजीवाल्याचा काटा त्याच्याच वजनांनी तपासण्यातला हा प्रकार. व्हीपीएन विकणाऱ्यांची पानं नीट बघा. त्यांचं गिऱ्हाईक नसलेल्या प्रत्येकाला लाल पट्टी दिसते: ‘तुमचा आयपी उघड आहे, तुम्ही असुरक्षित आहात.’ आयपी उघड असणं हा इंटरनेटचा दोष नाही; पत्ता असल्याशिवाय उत्तर परत येणार कुठे? ही विक्रीची युक्ती आहे. आणि गिऱ्हाईक झालात की पट्टी हिरवी. त्या हिरव्या पट्टीत पुष्कळदा फक्त आयपीव्ही४ तपासलेला असतो.

दुसरी चूक इथूनच निघते. आयपीव्ही४चे पत्ते ३२ बिटांचे, ते जगाला पुरेनासे झाले. म्हणून १२८ बिटांचे आयपीव्ही६ पत्ते आले. आपल्याकडे मोबाईल डेटावर ते सर्रास मिळतात, आणि २४०९ ने सुरू होणारे पत्ते जिओच्या मोबाईलधारकांना ओळखीचे असतील. आता होतं असं की तुमचा फोन किंवा संगणक दोन्ही पत्ते घेऊन बसलेला असतो. हलक्या दर्जाचा व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ आपल्या बोगद्यातून नेतो. समोरचं संकेतस्थळ आयपीव्ही६ बोलत असेल, तर तुमचा संगणक आधी तीच वाट धरतो, आणि ती वाट बोगद्याबाहेरून जाते. तुम्हाला चिन्ह दिसतं, वेग चांगला मिळतो, कुठे काही अडत नाही. म्हणूनच ही गळती महिनोन्महिने लक्षात येत नाही. ही काही माझी शंका नाही. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या आणि त्यांच्या सहकारी विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१६ साली अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. त्यांतली ८४ टक्के आयपीव्ही६ची वाहतूक बोगद्यातून नेत नव्हती आणि ६६ टक्के डीएनएसची. आकडे जुने आहेत, पण फुकटच्या ॲपवर आजही आधी हेच तपासावं.

तिसरी चूक, एक्स्टेन्शन. नावात व्हीपीएन लिहिलं तरी ब्राउझरचं एक्स्टेन्शन म्हणजे बहुतेक वेळा प्रॉक्सीच, म्हणजे आपल्या वतीने पान मागवून देणारा मधला सर्व्हर, आणि तेही त्या एका ब्राउझरपुरतं. तुमचा टॅली, ईमेलचा वेगळा प्रोग्रॅम, व्हॉट्सॲपचं डेस्कटॉप ॲप, विंडोजचे अपडेट, हे सगळं तुमच्या खऱ्या पत्त्यावरूनच जात राहतं.

राहता राहिलं ‘मोफत’. सर्व्हरचं भाडं कुणीतरी भरतंच. होला नावाच्या मोफत सेवेबद्दल २०१५ साली उघड झालं की ती आपल्याच वापरकर्त्यांच्या जोडण्या दुसऱ्यांना विकत होती. म्हणजे तुमच्या पत्त्यावरून तिसराच माणूस इंटरनेट वापरणार, आणि चौकशी आली तर ती आधी तुमच्या दारात. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेलं ओनावो हे ‘संरक्षण’ देणारं व्हीपीएन ॲप लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकलाच पुरवत होतं. ॲपलच्या दबावामुळे २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरमधून निघालं आणि पुढच्या वर्षी पूर्ण बंद झालं. मित्राने सांगितलं, रील्समध्ये बघितलं, पाच तारे आहेत, म्हणून कारखान्याच्या हिशेबाच्या मशीनवर असलं काही टाकायचं?

आता काय करायचं. एक्स्टेन्शन आजच काढा. व्हीपीएनची खरोखर गरज आहे का, ते मालकांशी बोलून ठरवा. हिशेबासाठी बहुधा नसतेच. असलीच तर पैसे मोजून घ्या, आयपीव्ही६ एकतर बोगद्यातून नेणारा किंवा पूर्ण अडवणारा घ्या, आणि त्रयस्थ पानावर दोन्ही पत्ते तपासा. संगणकातला आयपीव्ही६ हाताने बंद करण्याचे सल्ले खूप फिरतात. ते करण्याआधी तुमच्या नेटवर्कचं काम बघणाऱ्या माणसाला विचारा.

मी घरून बेंगळूरच्या कंपनीचं काम करते. टेस्ट बरोबर येते. पण लाईट गेली की वायफाय जाऊन लॅपटॉप मोबाईलच्या डेटावर येतो. तेव्हा काय होतं? (वडगाव)

शांत बसलेल्या जोडणीची टेस्ट सगळेच करतात. खरी परीक्षा जोडणी तुटते तेव्हाच असते. जाळं बदलताना व्हीपीएन तुटतो आणि पुन्हा जोडला जाईपर्यंतच्या काही सेकंदांत उघड्या जोडणीवरून माहिती जाऊ शकते. हे थांबवणाऱ्या सोयीला किल स्विच म्हणतात. अँड्रॉइड फोनवर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये ‘ऑलवेज-ऑन’ आणि ‘व्हीपीएनशिवायच्या जोडण्या अडवा’ अशी दोन बटणं असतात; दोन्ही चालू हवीत. तेवढ्यानेही शंभर टक्के होत नाही. अँड्रॉइड इंटरनेट आहे का हे बघणाऱ्या स्वतःच्या चौकशा तरीही बाहेरून पाठवतो, हे मुलवाड या व्हीपीएन देणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये दाखवून दिलं.

पण तुमचा लॅपटॉप कंपनीचा आहे ना? मग त्यातल्या एकाही बटणाला हात लावू नका. कंपनीचे काही व्हीपीएन मुद्दामच फक्त ऑफिसच्या कामाची वाहतूक आत घेतात आणि बाकीची तुमच्या पत्त्यावरूनच जाऊ देतात. अशा वेळी टेस्टमध्ये तुमचा खरा आयपी दिसणं हा बिघाड नसतो. आयटी विभागाला एक ईमेल करा, उत्तर लेखी घ्या. आणि स्टँडवरच्या किंवा लॉजच्या वायफायवर हे काम करू नका. ज्याच्या ताब्यात ते जाळं आहे, तो व्हीपीएनची वाहतूक बाहेरून वळवू शकतो, अशी टनेलव्हिजन नावाची पद्धत मे २०२४ मध्ये जाहीर झाली.

इंटरनेटवरच्या यादीतला फुकट प्रॉक्सी फायरफॉक्समध्ये घातला. आयपी बदलला, पण वेबआरटीसीच्या खाली खरा पत्ता दिसतो. मित्रांच्या सांगण्यावरून वेबआरटीसी बंद केलं, तर व्हिडिओ क्लास चालेना. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मच्छे)

चालणार कसा? ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल त्याच तंत्रावर चालतात. दोन संगणकांना थेट जोडण्यासाठी वेबआरटीसी बाहेरच्या एका सर्व्हरला ‘माझा पत्ता कोणता दिसतो?’ असं विचारतो, आणि ही विचारणा साध्या प्रॉक्सीतून न जाता बाजूने निघते. एक्स्टेन्शनऐवजी पूर्ण मशीनचा व्हीपीएन असेल तर तीही बोगद्यातूनच जाते. क्लाससाठी एक ब्राउझर आणि बाकीच्यासाठी वेबआरटीसी बंद केलेला दुसरा, असं ठेवा. सॉक्स५ प्रकारचा प्रॉक्सी वापरत असाल, तर फायरफॉक्सच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये डीएनएसही त्यातूनच पाठवण्याची खूण करा.

यादीतले फुकट प्रॉक्सी मात्र सोडा. काही तर साध्या एचटीटीपी पानांवर तुमचा खरा पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या ओळीत स्वतःच लिहून पुढे पाठवतात. आणि हे सगळं कॉलेजची बंदी चुकवायला चाललं असेल, तर आधी कॉलेजचे नियम वाचा, नाहीतर लॅबच्या सरांना विचारा.

व्हीपीएन वापरणं बेकायदा आहे काय? (सौंदत्ती)

सरसकट बेकायदा नाही, पण त्याच्या आडून केलेला गुन्हा गुन्हाच राहतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांचं नाव, पत्ता, दिलेले आयपी अशी माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले, आणि आता ‘भारत’ निवडलं तरी सर्व्हर सिंगापूरला असू शकतो. काही ठिकाणी स्थानिक प्रशासन तात्पुरती बंदीही घालतं. तुमचं प्रकरण काही ठरावीक असेल, तर वकिलाला विचारा.

टेलिग्रामवरच्या लिंकवरून ‘प्रीमियम’ व्हीपीएन टाकला. त्याने एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली, ती दिली. गेल्या आठवड्यात खात्यातून पैसे गेले. आयपी लीक झाल्यामुळे गेले काय? लीक बंद कशी करायची? (चिकोडी)

आयपीचा इथे काही संबंध नाही. आयपी कळला म्हणून खात्यातून पैसे जात नाहीत. तुम्ही प्ले स्टोअरबाहेरच्या ॲपला ओटीपी वाचायची आणि पडदा हाताळायची परवानगी दिलीत, बहुधा तिथूनच पैसे गेले. आणि आठवडा झाला तरी तुम्ही बँकेला न कळवता मला पत्र लिहीत बसलात! इतक्या उशिरा पैसे अडवता येतील का, हे बँक आणि पोलीसच सांगतील. पण प्रत्येक तासाने ती शक्यता कमी होते.

हे वाचताय तोवर फोन फ्लाइट मोडवर टाका. घरातल्या दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला तक्रार नोंदवा, बँकेला कळवून खातं, यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवायला सांगा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मग बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात जा. ते ॲप काढू नका, फोन फॉरमॅट करू नका. पोलिसांनी बघेपर्यंत आहे तसा ठेवा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून.