‘आम्ही’ नीट देणार म्हणजे नेमकं कोण?

तासगावच्या एका द्राक्ष बागायतदार वडिलांचं पत्र, थोडक्यात: ‘आम्ही दोनदा नीट दिली. 2025 ला आमचे 298 आले. आता तिसऱ्यांदा बसणार, लागलं तर बागेवर कर्ज काढू. कऱ्हाडकडच्या एका अभिमत विद्यापीठात बीएस्सी डायलिसिसला जागा आहेत असं वाचलं. तिथं आधी शिरून दुसऱ्या वर्षी आतूनच एमबीबीएसला बदली मिळते का? मुलगी म्हणते डायलिसिसही चालेल, पण आमचं स्वप्न डॉक्टरचंच आहे.’

नमस्कार.

तुमचे ते 298 गुण मला फारसे खटकले नाहीत, ‘आम्ही’ खटकला. तीन तासांचा पेपर तिनं एकटीनं सोडवला, निकालही तिनंच सोसला. कर्ज मात्र तुम्ही तिला न विचारता काढायला निघालात. उद्या पुन्हा 300 च्या आसपास आले, तर त्या कर्जाचा हप्ता पोरीच्या मानेवर बसेल. अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत आहे, आणि त्यालाही तुम्ही लगेच ‘पण’ जोडलात.

आता ‘आतून बदली’चं. अशी बदली मिळत नाही. कॅम्पस एक, रुग्णालय एक, कदाचित शिक्षकही तेच, म्हणून दारही एकच असेल असं वाटतं. पण एमबीबीएसला प्रवेश पहिल्या वर्षालाच, आणि तोही नीटच्या गुणवत्तेवर. अभिमत विद्यापीठांच्या जागा दिल्लीच्या एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या, फेऱ्यांतून भरतात. तिथं राज्यातल्या मुलांसाठीचा 85 टक्के कोटा नाही, आणि फी बहुतेक ठिकाणी वर्षाला 20 लाखांच्या वर. ‘सीट करून देतो’ म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. 2025 ला खुल्या प्रवर्गाची पात्रता रेषा 144 होती, म्हणजे मुलगी पात्र आहे. पात्रता म्हणजे जागा नव्हे.

फिजिओथेरपी, आयुर्वेद, होमिओपॅथीला राज्यात नीटचेच गुण लागतात. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी.

‘डायलिसिसही चालेल’ हे तिनं काय बघून म्हटलं, ते विचारलंत का? किडनी निकामी झालेल्याचं रक्त मशीननं शुद्ध करणं हे नुसतं बटण दाबायचं काम नव्हे. रुग्ण साधारण आठवड्यातून तीनदा येतो, दर खेपेला चारेक तास. आधी वजन, त्यावरून किती पाणी काढायचं त्याचा हिशेब, मग फिस्टुलात, म्हणजे हातावर शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिनीत, दोन सुया. पाणी घाईनं ओढलं की बीपी कोसळतं, पायात गोळे येतात. मशीनला लागणाऱ्या आरओच्या शुद्ध पाण्यात क्लोरामाइन (नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक) राहिलं तर तांबड्या पेशी फुटतात. डॉक्टर राउंड घेऊन पुढं जातात. ते चार तास रुग्णाजवळ टेक्नॉलॉजिस्टच असतो. कुणाला हे झेपतं, कुणाला रक्त बघूनच गरगरतं.

प्रवेशाआधी तिला घेऊन त्या कॅम्पसवर जा. मशीन किती आणि वर्गात मुलं किती, इंटर्नशिप तिथंच की बाहेर, विद्यावेतन मिळतं का, हे विचारा. अभ्यासक्रम 2021 च्या कायद्यानं आलेल्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या नियमात बसतो का, पदवीनंतर नोंदणी होईल का, हे लेखी घ्या. सरकारी कॉलेजातली फी सवलत इथं मिळेलच असं गृहीत धरू नका.

तिसऱ्या नीटबद्दल मी तुम्हाला काहीच सांगणार नाही. तिला द्यायची असेल, तर पुढचं पत्र तिनं लिहावं. त्यात दोन्ही पेपरांत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे गुण वेगवेगळे लिहावेत, आणि तुम्ही ते पाठवण्याआधी वाचू नका.