गावात घरच्या प्लगवर ३० किलोवॉट-अवर बॅटरीची इलेक्ट्रिक कार (ईव्ही) किती तासात चार्ज होते, की हायब्रिडच घ्यावी?

भाऊ, आधी किलोवॉट अन किलोवॉट-अवर वेगळे करा. ३० किलोवॉट-अवर म्हणजे ३० युनिट, आपल्या मीटरवर पडते तेच, टाकी केवढी ते. किलोवॉट म्हणजे नळाची धार. एसीचा १५ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर साडेतीन किलोवॉटच्या आसपास देते, थोडी वीज गरमीत जाते ते धरून रिकामी बॅटरी भराले साडेनऊ-दहा तास लागते.

पण गावात खरी गोष्ट व्होल्टेजची आहे. रब्बीत हरभऱ्याले पाणी सुरू झालं, सगळ्या मोटरी एकदम चालल्या की आमच्या घरात १८० वर येते, मग १५ अँपिअर तेवढेच राह्यले तरी २.७ किलोवॉटच भेटते, म्हणजे बारा तासाच्या वर. मंजूर लोड कमी असन तं आधी वाढवून घ्या. अन अर्थिंग! शेजारच्या दादाची गाडी मे महिन्यात चार्जच घेत नव्हती, चार्जरवर लाल दिवा, अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडला होता, वायरमननं कोळसा-मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतलं तवा कुठं हिरवा लागला.

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन अन बॅटरी दोन्ही असलेली गाडी. प्लग-इन सोडून बाकी हायब्रिडले प्लगच नसते, मारुतीच्या ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी ०.७६ युनिटची, एक युनिटही नाही, ते इंजिन अन ब्रेकवरच भरते. रोज शंभर किलोमीटरच्या आत फिरणं असन अन घरची वायरिंग पक्की असन तं ईव्हीच घ्या.