मुलांच्या संस्थेसाठी देणग्या गोळा करायला पहिल्यांदा मॅरेथॉन पळतोयस ना, मग हे वाच

अरे एकदम ४२.१९५ किमीच्या फुल मॅरेथॉनला हात घालू नकोस, आधी हाफ कर, तयारीला निदान १२ आठवडे ठेव आणि अंतर हळूहळू वाढव, मी घाई केली नि महिनाभर गुडघा धरून बसलो. नवे शूज रेसच्या दिवशी अजिबात नकोत. देणगीच्या पैशांसाठी पहिले फोन घरच्यांना नि जवळच्या मित्रांना कर, देणगीच्या ऑनलाइन पेजवर शून्य दिसलं की अनोळखी माणूस सहसा पुढे येत नाही. एन्ट्री फी स्वतःच्या खिशातनं भर, ती देणगीतून भरलीस का, असं लोक विचारतातच. आणि मुलांचे फोटो, नावं टाकून सहानुभूती मिळवू नकोस प्लीज, संस्थेने दिलेलंच वापर, काही मुलं घरातल्या मारहाणीतून सुटलेली असतात, त्यांचा ठावठिकाणा कळला तर धोका त्यांनाच.